जांभळं पाणी

रविवार, १२ ऑक्टोबर

चि. रेडिओ हिस,

ताईचे आशीर्वाद आणि त्यांच्यासोबत नेहमीचे टोमणे. आम्ही इकडे ठीक. गुडघा अजून कुरकुरतो, पण घरात तक्रार करणारं आणखी कुणी नसल्यामुळे तेवढीच सोबत. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पुन्हा केराची पिशवी माझ्या दारासमोर ठेवली. विचारलं तर म्हणतात, "अहो, वाऱ्याने आली असेल." गाठ मारलेली पिशवी जिना उतरून येते, असा शिस्तीचा वारा आमच्याच इमारतीत वाहतो.

तुझा नवरा वेळेवर जेवतो ना? तू जेवतेस का, हे विचारत नाही. गिळताना दुखतं हे तू मला सांगितलेलं नाहीस, म्हणजे मला ते माहीत नाही, असं धरून चालू.

आमच्या प्रयोगशाळेत परिषदेची धामधूम आहे. साहेबांनी नवा कोट शिवलाय. भिंतीवर लावायचा तक्ता छापून आला, त्यात माझं नाव तिसरं आहे आणि चुकीचं छापलंय. पूर्वी मी यावर तुला अर्धा तास हसवलं असतं. आता ते चुकीचंच राहिलेलं बरं, असं वाटतं.

तुला मी त्या औषधाचं कसं सांगितलं होतं, आठवतं? तू म्हणाली होतीस, "ताई, शाळेतल्या बाईंसारखं नको, माणसासारखं सांग." म्हणून मी वरच्या बाईंचाच दाखला दिला होता. प्रत्येक पेशी आपलं अन्न जाळते, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते तिला बाहेर टाकावं लागतं. आत साठलं तर तिचा कारभार आटोपतो. गाठीतली पेशी हावरट. खाते जास्त, आम्ल करते जास्त आणि सगळं शेजारणींच्या दारात ओतते. शेजारणी मरतात, हिला पसरायला जागा मिळते. दुसऱ्याच एका आजारावरचं एक जुनं औषध तिची ही दारं बंद करतं, असा आमचा दावा. दारं बंद झाली की स्वतःच्याच आम्लात मर म्हणावं.

आम्ही या पेशी बाटल्यांत वाढवतो. त्यांना लालसर पाणी घालतो. पेशी जगल्या, आम्ल ओकल्या, की ते पिवळं पडतं. औषध घातलेल्या बाटल्या पिवळ्या पडल्या नाहीत. लाल राहिल्या एवढंच नाही, जांभळ्याकडे झुकल्या. मोजल्या तर पेशी निम्म्याहून कमी. साहेबांनी पेढ्यांऐवजी टाळ्या वाटल्या. आणि मी त्या दिवशी घरी जाईपर्यंतही दम धरला नाही, जिन्यातूनच तुला फोन लावला.

आता पुढचं लिहिते. मघापासून केर, कोट आणि गुडघा यांच्या आडून हेच टाळत होते.

आमच्या साहेबांचं सोवळं कडक. औषधाच्या बाटल्या आणि बिनऔषधाच्या बाटल्या एका कपाटात ठेवायच्या नाहीत, थेंबाचाही विटाळ नको. म्हणून औषधवाल्या सगळ्या नव्या ऊबदार कपाटात, बाकीच्या जुन्यात. या कपाटांत कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो. तो नसेल तर बाटलीतलं पाणी आपोआप जांभळं होतं आणि पेशी खंगतात. औषध असो वा नसो.

पंधरा दिवसांपूर्वी नव्या कपाटाचा दरवाजा नीट लागेना. दुरुस्तीवाला येईपर्यंत मी औषधवाल्या बाटल्या गुपचूप जुन्या कपाटात ठेवल्या. तीन दिवसांत पिवळ्याधमक. पेशी इतक्या गच्च वाढल्या, की जणू औषध त्यांना मानवलं. दुरुस्तीवाल्याने नवं कपाट ओढलं, खाली वाकला आणि म्हणाला, "बाई, ही नळी तर कपाटाच्या पायाखाली चेपलीय. गॅस जातच नव्हता आत." बाहेरच्या काचेवर गॅसचा आकडा मात्र छान दिसत होता. तेवढं एकच यंत्र आमच्याकडे साहेबांच्या स्वभावावर गेलंय.

मी साहेबांकडे गेले.

"सर, नळी चेपली होती."

"कधीपासून?"

"कपाट जागेवर सरकवलं तेव्हापासूनच असणार."

"म्हणजे तुम्हाला नक्की माहीत नाही. मग 'होती' म्हणू नका, 'असावी' म्हणा. परिषद होऊ द्या, मग शांतपणे परत करून बघू."

"सर, माझी बहीण थांबलीय. ऑपरेशन पुढे ढकलून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी कुणालाही थांबायला सांगितलेलं नाही," म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस अगदी अचूक बोलला. सांगितलं मी.

परत करून बघायला मी त्यांची वाट पाहिली नाही. या वेळी सगळ्या बाटल्या एकाच कपाटात, खाली वाकून नळी स्वतः तपासून. औषधाने काही होत नाही, बाळ. काहीही होत नाही.

उन्हाळ्यात सर्जनबाईंनी तुला स्पष्ट सांगितलं होतं, की स्वरयंत्र पूर्ण काढलं तर गाठ जाईल. तू मला फोनवर म्हणालीस, "बसस्थानकावर मी काय माइकसमोर हात हलवून गाड्या सांगू? आणि तुझ्याशी भांडू कशी, खाणाखुणा करून?" तू हसत होतीस. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की हो, खाणाखुणा कर. मी म्हटलं, "थांब थोडी. वर्षअखेरीस माणसांना देऊन बघणार आहेत, तुझं नाव मी पहिलं घालते." तू माझ्यावर विश्वास ठेवलास. माझ्या गाढवपणाची खात्री तुला जन्मापासून असताना, नेमका याच वेळी ठेवलास.

काल मी सर्जनबाईंना भेटले. तुला न विचारता भेटले, त्याचाही राग धर. बाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "आज आल्या तरी मी करेन. पुढच्या महिन्यात करण्यासारखं उरेल की नाही, सांगता येत नाही. आधी केलं असतं त्यापेक्षा आता जास्त काढावं लागेल." जास्त म्हणजे किती, ते मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. त्या तुला समोर बसवून सांगतील, तेव्हा मी शेजारी असेन. गुरुवारची वेळ धरून ठेवलीय. मंगळवारी दाखल व्हायचं. मंगळवारी सकाळी मी तुझ्या दारात असेन.

तू म्हणशील, अजून एखादं औषध निघेल, थांबू. निघेलही. माणसं हुशार आहेत, कधीतरी नळ्याही तपासतील. पण तुझ्या घशातली गाठ वाट बघत बसलेली नाही. तिच्यासाठी कुणी परिषद भरवत नाही, ती रोज कामावर येते.

आवाजाशिवाय तू कशी असशील, मला कल्पना करवत नाही. तरी सांगते. मला तू मुकी चालशील. नसलेली चालणार नाहीस. हे स्वार्थी आहे, हे कळतं मला.

हे सगळं बोलूनच सांगायला हवं होतं. फोन लावला होता मी, शुक्रवारी. तुझं "हॅलो" ऐकलं. किती बसलाय आवाज. तू दोनदा "कोण?" विचारलंस आणि मी फोन ठेवला. म्हणून हा कागद. पोचवणारा उद्या दुपारपर्यंत देतो म्हणालाय.

वाचून झालं की दार लावून घे, पाणी पी आणि मला फोन कर. लहानपणापासूनचं सगळं काढ. शिव्या घाल, ठेवणीतल्याही. मी मधे एक शब्द बोलणार नाही, तुझं संपेपर्यंत फोन ठेवणार नाही. गुरुवारपर्यंत जेवढं बोलायचं तेवढं माझ्यावरच खर्च कर.

कानाशी फोन धरून बसलेली,
ताई