गाईचे मागचे पाय

९ सप्टेंबर १९८६, मंगळवार

लायनेल दातांचा डॉक्टर आहे, अर्ध्या गावाला तोंड उघडायला लावतो, पण स्वतःचं उघडायला त्याला सप्टेंबर उजाडावा लागतो. आज उघडलं! आमच्या हौशी नाट्यमंडळीचा दिग्दर्शक तोच, त्याने यंदाचा हंगाम ठरवला. ऑक्टोबरात खुनाचं नाटक, जानेवारीत मुलांसाठी नाचगाण्यांचा फार्स, आणि मे महिन्यात संगीत नाटक. त्यात एक डचेस आहे. चांगली गाणी सगळी तिची, पोशाख सगळे तिचे, शेवटी टाळ्याही तिच्याच. डचेसची निवड फेब्रुवारीत.

मी चोपन्न वर्षांची. या मंडळीत आजवर मोलकरीण झाले, शेजारीण झाले, नन झाले, आणि एकदा पत्रा हलवून वादळ झाले. डचेस मला पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजे!

थेल्मालाही पाहिजे, अर्थात. केनेथची थोरली बहीण — माझी नणंद — तिला काय नको असतं? माझ्या लग्नात केकच्या सुरीला पहिला हात तिने लावला होता. दर वर्षी मुख्य भूमिका तिला, आणि घरी आल्यावर केनेथ म्हणणार, “ती थोरली आहे, जरा समजून घे.” एवढी वर्षं समजूनच घेतेय.

३० ऑक्टोबर, गुरुवार

खुनाच्या नाटकाचा पहिला प्रयोग. मी प्रेत.

पडदा उघडतो तेव्हा मी सोफ्यावर मरून पडलेली, आणि अंक संपेपर्यंत मेलेलीच. थेल्मा माझी मुलगी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी बाई — माझी मुलगी! आणि हॉलमध्ये एकालाही यात काही गैर वाटलं नाही. ती माझ्या अंगावर पडून रडली. रडता रडता कोपर माझ्या बरगडीत रोवलं आणि कानात म्हणाली, “पोट आत घे गं, सगळ्यांना दिसतंय.”

प्रेताने पोट आत कसं घ्यायचं? घेतलं. दुसऱ्या रांगेतली एक चिमुरडी किंचाळली, “आई, ती मेलेली बाई हलली!” हॉलभर हशा. थेल्माचं रडणं वाया गेलं. आजच्या दिवसातली हीच एक चांगली गोष्ट.

परतताना गाडीत केनेथ म्हणाला, “छान मेलीस.”

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फार्समध्ये एक गाय आहे. कापडाची, आत दोन माणसं. थेल्मा डोकं आणि पुढचे पाय. मी मागचे पाय आणि शेपूट.

मला वाटलं लायनेल थट्टा करतोय. तो म्हणाला, “तुमच्या दोघींच्या धुसफुशीने ग्रीनरूममधलं दूध नासायला लागलंय. आत शिरा, एकीने चाला, आणि बाहेर याल तेव्हा शहाण्या होऊन या. मग डचेसचं बघू.”

म्हणजे डचेसपर्यंतची वाट थेल्माच्या ढुंगणामागून जाते. जाईन.

२५ नोव्हेंबर

वाकून वाकून कंबर मोडली. गाईच्या आत कापूर, घाम आणि थेल्माचं लॅव्हेंडर. ती पुढून वाटेल तशी वळते आणि मी भिंतीवर आपटते. “मागचे पाय फार जड पडतात,” असं तिने लायनेलला सांगितलं.

४ डिसेंबर, गुरुवार

आज थेल्मा गाईसकट रंगमंचाच्या कडेपर्यंत गेली. आणखी एक पाऊल आणि दोघी खाली! मी मागून धरून खेचलं. आतल्या अंधारातच तिला शिव्या घालायला सुरुवात केली, तर ती रडत होती. कोपर न मारता रडत होती.

म्हणाली, “ॲव्हरिल, मला दिसत नाही गं. एरवी दिसतं, पण दिवे लागले की सगळं पांढरं होतं, डोळ्यांत दूध ओतल्यासारखं. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजवाही जाईल म्हणतात.”

लायनेल बाहेरून ओरडत होता, “गाय का थांबली?”

“कुणाला सांगू नकोस. केनेथला तर मुळीच नको, तो मला घरात बसवून ठेवील. एकदा डचेस करू दे मला. मग खुशाल आंधळी होईन.”

घरी आल्यापासून काय वाटतंय ते धड कळत नाही. कीव आली, हे खरं. त्याच्याआधी एक क्षणभर आनंद झाला, हेही खरं. इथे नाही लिहायचं तर कुठे?

६ डिसेंबर

गाईच्या कुशीची शिवण उसवली. आता मला मागून बाहेरचं दिसतं. डावीकडे वळायचं तर थेल्माला डाव्या बाजूला चिमटा, उजवीकडे तर उजव्या, थांबायचं तर दोन्हीकडे. चिमटे काढायची राजरोस परवानगी! लग्नापासून या दिवसाची वाट पाहत होते.

१६ डिसेंबर, मंगळवार

गाय आता नाचते. खरंच नाचते! लायनेलने स्वतः टाळ्या वाजवल्या. मागचे पाय पुढच्या पायांना चालवतायत हे त्याला माहीत नाही, कुणालाच नाही.

चहाच्या वेळी थेल्माने टेबलाच्या पलीकडून माझ्या हनुवटीवरचा केस दाखवला, चारचौघांत. साध्या उजेडात तिला दिसतं म्हणे. माझं तर जास्तच दिसतं.

रागावले नाही. आंधळी होणाऱ्या माणसावर काय रागवायचं! आपण एवढ्या मोठ्या मनाच्या आहोत हे मला ठाऊकच नव्हतं.

१० जानेवारी १९८७, शनिवार

गाईने प्रयोग खाल्ला! नायक-नायिकेला कुणी विचारेना. पोरं बाकांवर उभी राहून “गाय! गाय!” करत होती. नाचाला वन्समोअर, तोही दोनदा. मी चिमटे काढून काढून बोटं सुजवून घेतली.

शेवटी नमस्काराला थेल्माने डोकं काढलं आणि हात पसरून उभी राहिली. माझ्या बाजूची चेन अडकली. मी आत वाकलेलीच. टाळ्या ऐकू येत होत्या, चांगल्या जाड कापडातून.

केनेथ म्हणाला, “थेल्माने कमाल केली.”

३ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या डचेसची निवड. महिनाभर भांडी घासताना तिचं गाणं म्हणतेय. आवाज लागलाय. असा कधी लागला नव्हता.

संध्याकाळी थेल्मा आली. स्वयंपाकघरात बसली, चहा घेतला, एक बिस्किट मोडलं आणि खाल्लं नाही. म्हणाली, “उद्या तूही आहेस ना? ये हो. तुझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. मला तर मागची रांग आता दिसतही नाही.” काही मागितलं नाही. मागितलं असतं तर तोंडावर नाही म्हणाले असते! जाताना दारात माझ्या गालाला हात लावला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

ती गेल्यावर लायनेलला फोन केला आणि माझं नाव काढून घेतलं. तो म्हणाला, “बरं.” कारणसुद्धा विचारलं नाही मेल्याने.

मग नळ सोडून रडले, केनेथला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ती डचेस हवी होती. अजून हवी आहे. चांगुलपणा नव्या लोकरीसारखा टोचतोय अंगाला, सवय नाही ना!

५ फेब्रुवारी, गुरुवार

थेल्मा डचेस. माझ्याकडे सामान — टेबलं, मेणबत्त्या, खुर्च्या.

१७ मार्च, मंगळवार

दुसऱ्या अंकात डचेस जिना उतरते, नजर वर सज्जाकडे, ओठांवर गाणं. शेवटचा सूर लावता लावता मागे वळूनही न बघता सोनेरी खुर्चीत बसते. लायनेल म्हणाला, “डचेस खुर्ची शोधत नसते. तिच्यामागे खुर्ची असतेच!”

बाकीच्यांना ही अदा वाटते. खरं काय ते मला माहीत आहे. खुर्चीच्या चारही पायांखाली मी जमिनीवर नखाएवढ्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या, रोज खुर्ची बरोबर त्यांच्यावरच ठेवते. थेल्माला हळूच दाखवल्या तर म्हणाली, “मला कुठल्या दिसतात त्या? तूच माझी पट्टी.”

पाघळले मी. अशी पाघळले की तिच्या पायातले बूटसुद्धा मीच चढवले.

९ एप्रिल, गुरुवार

समूहगीतातल्या नव्या मुलीने थेल्माला विचारलं, ह्या कोण? मी तिथेच, हातात मेणबत्त्या घेऊन उभी. थेल्मा म्हणाली, “ॲव्हरिल ना? ती आमची मागची बाजू सांभाळते. पुढे यायला चेहरा लागतो, मागे राहायला नुसती पाठ पुरते.”

सगळे खो खो हसले. मीही हसले. मेणबत्ती मोडली हातात.

नंतर म्हणाली, “असं बोलावं लागतं गं, नाहीतर त्यांना संशय येईल.” कसला संशय? मान्य केलं तरी. दिसत नाही बिचारीला.

१३ मे, बुधवार

पहिला प्रयोग. जिना, गाणं, खुर्ची, सगळं बिनचूक. लोक उभे राहिले. मी विंगेत श्वास धरून उभी होते, तिच्यासाठी! माझ्या तोंडून तिचं गाणं निघत होतं, आवाज न करता.

१५ मे, शुक्रवार

प्रयोगानंतर ग्रीनरूमच्या फळीमागे पोशाखांना ब्रश करत होते. पलीकडे लायनेल आणि थेल्मा. त्यांना मी दिसत नव्हते.

लायनेल म्हणाला, “ॲव्हरिलने नाव का काढलं, ते मला अजून कळलेलं नाही. तिचा आवाज खरं तर त्या गाण्यांना बरा होता. तीच माझ्या मनात होती.”

तीच माझ्या मनात होती!

आणि थेल्मा म्हणाली, “तिची तिलाच समज आली असेल. आपली लायकी ओळखणारी माणसं फार थोडी असतात हो. केनेथनेसुद्धा ती लग्नाआधीच ओळखायला हवी होती.” दोघं हसली. सॉसेज रोल खात खात हसली.

मी ब्रश करत राहिले. आता एकाच्या मखमलीची लव पार उडाली आहे.

माझ्या आयुष्यात मी केलेली एक चांगली गोष्ट. एकच. आणि ती तिने तोंडात घोळवून थुंकली.

उद्या शेवटचा प्रयोग. सबंध गाव येणार, मेयर पहिल्या रांगेत. खुर्ची हातभर मागे सरकवायची, एवढंच. सूर लावेल, बसेल आणि धप्पकन खाली. झग्याखाली इतकी गादी आहे की हाड मोडणार नाही. मला हाड नकोच आहे. हशा हवाय. तिला ऐकू येईल असा, मागच्या रांगेपर्यंतचा.

केनेथ विचारतोय, एवढं काय लिहितेस? सामानाची यादी, म्हटलं.

१६ मे, शनिवार

खुर्ची हातभर मागे सरकवली.

थेल्मा जिना उतरली. सगळे दिवे तोंडावर, नजर सज्जात. सूर लावला. मी विंगेत ओठ चावून उभी. आणि बसायच्या वेळी ती थांबली. सूर तसाच लांबवत मागे वळली, हातमोज्यातल्या दोन बोटांनी खुर्ची पुढे ओढली आणि ठेवली. माझ्या पट्ट्यांवर. चारही पाय. केसाचाही फरक नाही.

मग बसली. विंगेत थेट माझ्याकडे पाहिलं आणि तोच, गेल्यातच जमा असलेला डावा डोळा मारला.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. लायनेल माझ्या कानात ओरडला, “काय सुंदर! हे तालमीत का नाही केलं हिने?”

सांगू कुणाला? खुर्ची कुणी हलवली, हेच आधी विचारतील.