कपाटातल्या दोन पेट्या

३ मार्च

भाऊजी आज नवी पेटी घेऊन आले. दारातूनच — "वहिनी, आता वीज गेली काय नि राहिली काय, सारखंच!" बॅटरीची पेटी. सोळा सेलची, घरी स्वतः जोडलेली. पॅसेजमधल्या कपाटात ह्यांच्या पेटीशेजारी ठेवायची आणि दोघींनी मिळून सासूबाईंचं ऑक्सिजनचं यंत्र चालवायचं, असा बेत. बेत वाईट नाही. वीज रोज दुपारी एक ते सहा जाते आणि एकट्या पेटीवर सहापर्यंत जेमतेम निभतं. शेवटचा अर्धा तास माझाच श्वास अडकलेला असतो.

पण माणूस आला तो थेट वायरी जोडायलाच बसला. म्हटलं, आधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरा, व्होल्टेज सारखं आलं की मगच जोडा. भरलेली पेटी उतरलेलीला जोडली तर ती धाडकन दुसरीत ओतते — वायर तापते, फ्यूज जातो, नाहीतर त्याहून वाईट. तर म्हणे, "थोडा फरक चालतो हो." थोडा म्हणजे किती? मीटर तर अजून पिशवीतच होता.

आईंनी निकाल दिला. "त्याला करू दे गं. तो शिकलाय ते." शिकलाय म्हणजे व्हिडिओ बघितलेत. व्हिडिओतल्या घरात नाकाला नळी लावलेली आई नसते.

मी कपाटापुढून हललेच नाही. शेवटी भरायला लावल्या.

४ मार्च

जोडल्या. दोन्हींचे बीएमएस वेगळे — सेल फार उतरला की पेटी आपोआप तोडणारा बोर्ड. फ्यूज वेगळे, पेटी चालू-बंद करायचे खटके, म्हणजे ब्रेकर, वेगळे. हा ह्यांचा नियम. एकीचं बिघडलं तर दुसरीने तिच्यासोबत मरू नये.

तरी भाऊजींनी घोळ घातलाच. नव्या पेटीची वायर आखूड कापली — "जवळच तर आहे!" मी ह्यांचा चिमटामीटर काढून एकेका वायरीवर लावला. यंत्र मागतंय आठ अँपिअर. नवी देते साडेपाच, जुनी अडीच. आखूड वाट दिसली की करंट तिकडूनच जातो. म्हणजे जी जवळ आहे तिने मरमर राबायचं. या घरात हे मला मीटर न लावताही माहीत आहे. फक्त इथे कौतुक लांबून येणाऱ्याचं होतं.

वायरी पुन्हा कापायला लावल्या, एका मापाच्या. चार-चार आले. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, मला केसाएवढा फरकही खपत नाही. गिऱ्हाईकाचं डोकं दुखतं.

आई म्हणाल्या, "नवीनच बरी वाटते बाई. आवाज पण नाही." पेटीला आवाज कधी असतो का! जुनीलाही नव्हता. पण धाकट्याने केलं की सगळं गोड.

हे जुनी पेटी जोडत होते तेव्हा आईंनी विचारलं होतं, किती वर्षं टिकणार? हे म्हणाले, "वापरू तशी थोडीथोडी झिजते. पण आम्ही दोघं म्हातारे होईपर्यंत पुरेल." पेटी आहे. दोघांतली मी एकटीच आहे.

९ मार्च

काहीतरी चुकतंय. साडेपाचला घरी आले, वीज अजून यायची होती. सवयीने मीटर लावला. यंत्र मागतंय आठ. जुनी देते साठ! उरलेले बावन्न नव्या पेटीत चाललेत. जुनी काठोकाठ भरलेली, नवी तळाला गेलेली. दुपारभर दोघींनी मिळून काम केलं असतं तर दोघी सारख्याच उतरल्या असत्या.

जुन्या पेटीचा ब्रेकर कोमट लागला. जळका वास.

१० मार्च

आजही तेच. सकाळी जाताना दोन्ही ब्रेकर चालू होते. संध्याकाळी आले तेव्हाही चालू. मधल्या वेळात कोणीतरी जुनी बंद करतं आणि मी यायच्या आधी गुपचूप लावून टाकतं. दुपारी या घरात येतं कोण? आईंजवळ बसायला म्हणून भाऊजी. त्यांच्याकडे घराची चावी आहे.

कपाटाच्या दारात आईंची नळी अडकली होती. सोडवली. भाऊजी एक दार नीट लावतील तर शपथ.

११ मार्च

फोनवर सहज सांगितल्यासारखं सांगितलं. भाऊजी म्हणाले, "दादाची पेटी आता म्हातारी झाली, वहिनी. तिच्यात दम नाही. काढून टाका, मी अजून एक नवी करून देतो."

म्हणजे आलंच लक्षात. जुनी नालायक ठरवायची आहे. भाऊ गेला, आता त्याच्या हातचंही घराबाहेर काढायचं. मग कपाटात दोन्ही पेट्या तुमच्या, आईंच्या तोंडी नाव तुमचं.

१२ मार्च

बोलले. सगळं बोलले. भाऊजी आल्या आल्या, चपलाही काढू दिल्या नाहीत. ब्रेकर तुम्ही बंद करता. भरलेली पेटी रिकामीवर टाकता. तुमच्या हौसेपायी एक दिवस आईंचं यंत्र बंद पडेल.

"मी कपाटाला हातसुद्धा लावलेला नाही." — तीनतीनदा हेच. "आईची शपथ घेऊ का?" आई समोरच बसलेल्या, मान खाली घालून. म्हटलं, आईंना मध्ये आणू नका. चावी ठेवा इथे.

ठेवली. यंत्रावर अगदी अलगद ठेवली आणि गेले.

आई जेवल्या नाहीत. वाटलं, लेकाचा अपमान झाला म्हणून रुसल्या.

१३ मार्च

आज चार-चार. म्हटलं नव्हतं?

१६ मार्च

अजूनही चार-चार. दुपारी शेजारीण मधूनमधून डोकावून जाते. तिच्याकडे चावी दिली आहे आणि कोपऱ्यातला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर कसा उघडायचा तेही शिकवलंय. तिला दोनदा दाखवलं, तिने मला तीनदा करून दाखवलं. परक्या बाईला कळतं, घरच्या माणसाला कळत नाही.

आईंनी विचारलं, "तो आता येणारच नाही का?" एवढंच एकदा. मी भाजी चिरत राहिले. वाईट वाटलं, पण त्यांच्यासाठीच तर केलं ना? ह्यांची पेटी भंगारात गेली असती तर या घरात कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं? माझ्याच.

१९ मार्च

उद्या दुरुस्तीसाठी सकाळी आठपासून वीज बंद. संध्याकाळपर्यंत, म्हणे. दोन पेट्या आहेत, आरामात निभेल. दोन्ही पूर्ण भरल्या, व्होल्टेज बघितलं — सारखं. आईंना सांगितलं, दोघी मिळून रात्रीपर्यंत सहज खेचतील, काळजी करू नका. त्या कपाटाकडे बघत राहिल्या. "दोघींना राबावं लागेल?" म्हटलं, हो, म्हणून तर जोडल्यात.

२० मार्च



दोनच्या सुमारास शेजारणीचा दुकानात फोन. यंत्र बंद पडलंय, शिट्टी वाजतेय, आई पॅसेजमध्ये जमिनीवर. तिने सिलिंडर उघडला, नळी बदलली, पाठीला हात देऊन बसवलं. मी पोचले तेव्हा ओठांवर रंग परत येत होता. डॉक्टर येऊन गेले. आज निभावलं म्हणाले.

मग कपाट उघडलं. नव्या पेटीच्या बोर्डने पेटी तोडलेली — पार रिकामी. म्हणजे आठपासून एकटीच राबत होती. जुनीचा ब्रेकर चालू, पण फ्यूज उडालेला. सेल काठोकाठ भरलेले. भरलेली पेटी कोणीतरी रिकामीवर टाकली. यंत्र बंद पडल्यावर, घाईघाईत.

भाऊजींची चावी माझ्या पर्समध्ये होती. दुसरी शेजारणीकडे, आणि ती आली शिट्टी ऐकून. घरात दुसरं कोणीच नव्हतं.

नळी बाथरूमपर्यंत पोचते. कपाट त्याच्या अलीकडे आहे. दारात अडकलेली ती नळी मी स्वतःच्या हाताने सोडवली होती, आणि तेव्हाही शिव्या भाऊजींनाच घातल्या होत्या.

२१ मार्च

भाऊजींना फोन केला. उचलला. चुकले, म्हणाले मी. पलीकडून फक्त — "आई जेवली का?"

संध्याकाळी येणार आहेत. चावी पुन्हा यंत्रावर ठेवली आहे.

आईंना अजून काही विचारलेलं नाही. विचारलं तर रागावल्यासारखं होईल. आणि खरं तर रागच आलाय. जुनी पेटी एवढी नकोशी होती तर तोंडाने सांगायचं. थोरल्याच्या पेटीवर श्वास घ्यायलाही नको वाटतं का?

२२ मार्च

विचारलं. दम लागत होता, थांबत थांबत बोलल्या. "थोरलाच म्हणाला होता ना, वापरली की झिजते. माझं काय गं, मी आज आहे, उद्या नाही. मला धाकट्याची चालेल. तू त्याला बोललीस त्या दिवशीच सांगायचं होतं, धीर झाला नाही. मग थोडे दिवस हात लावला नाही... पण काल-परवा तू म्हणालीस, दोघींना रात्रीपर्यंत राबायचंय." मग माझा हात धरला. "त्याच्या हातची एवढीच आहे. ती तुला पुरायला हवी."