पूजेला बसलेला स्विच

प्रज्वलअण्णा,

अम्मा आणि मी श्रीरंगपट्टणला अत्तेकडे चाललोय, उद्या दुपारी येऊ. पातेल्यात पुळियोगरे, चिंचेचा भात आहे.

परवा तू तुझ्या गेमच्या मशीनला माझ्या लॅपटॉपचाच आयपी पत्ता दिलास. वर म्हणालास, "एकाच पत्त्यावर राहतो की आपण दोघं!" नेटवर्कला ते पटलं नाही. मुलाखतीत "माझा सर्वांत मोठा गुण म्हणजे" एवढं बोलून मी पडद्यावरून नाहीशी झाले. नोकरी हातची गेली.

म्हणून आज सकाळी, घरभर नेट वाटणाऱ्या त्या स्विचचा पत्ता आणि पासवर्ड दोन्ही बदलले. तुझ्या खोलीची वायर आता फक्त प्रिंटरपर्यंत पोचते. संध्याकाळी तुझी गेमची फायनल आहे ना? प्रिंटरशी खेळ, तोही चिडला की अडकतो.

रीसेटचं बटण दाबू नकोस. आज आयुधपूजा आहे, घरातल्या सगळ्या यंत्रांची. अप्पांची स्कूटर आणि मिक्सर झाल्यावर अम्माने स्विचचीही पूजा केली, राऊटरला हार घातला. उद्या ती स्वतः पूजा उतरवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. अप्पा समोरच बसलेत. बटणावरचं कुंकू मी लावलंय, दाबलंस तर बोटावर दिसेल.

माफी मागायची असेल तर छापून ठेव. कागद भरलेत.

तुझी धाकटी बहीण,
स्फूर्ती