हात धुण्याआधीचा नमस्कार

गुरुवार, ९ नोव्हेंबर २००६
नापास.
काम वाईट नव्हतं. दाढेतली कीड नीट काढली, भरण गुळगुळीत. मिसेस हार्पर, आमच्या शिक्षिका, आरसा फिरवून फिरवून बघत होत्या. "सुंदर," म्हणाल्या. मग कागद पुढे केला. स्वच्छतेत शून्य. ड्रिल उचललं की मी ग्लोव्ह घातलेला हात कपाळाला लावतो म्हणे.
"डोकं खाजत होतं का?"
मी असं काही केलंच नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, तीनदा केलंत.
आज समोर रबरी तोंडाचा पुतळा होता. खरं मूल असतं तर माझ्या कपाळावरचं सगळं त्याच्या तोंडात. बरोबरच आहे त्यांचं.
फेरपरीक्षा ७ डिसेंबरला. तीही गेली तर कोर्स संपला. पास होतील ते जानेवारीपासून खऱ्या मुलांचे दात बघणार.
खोलीत देवापुढे दिवा लावायला घरमालकाची मनाई. नुसते हात जोडले.

शनिवार, ११ नोव्हेंबर
कॉव्हेंट्रीला घरी. बायको, कुसुम, हॉस्पिटलात वॉर्डवर. डब्यात पिठलं, झाकणावर चिठ्ठी: गरम करून घ्या, भात ताजा लावा. आठवड्यातले दोन दिवस मी घरी असतो, नेमक्या त्याच दिवशी तिची ड्यूटी.
जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन. सांगितलं. हसत सुटली.
"अहो, लॅबमध्ये प्रत्येक कवळीला तेच करायचात. डबा द्यायला यायचे तेव्हा बघायचे की मी. मला वाटलं, तुम्हाला माहितेय."
नव्हतं माहीत. बावीस वर्षं कवळ्या केल्या, आधी मिरजेत, मग इथे.
अण्णांचं आहे हे, माझ्या वडिलांचं. सुतारकामाची पेटी उघडली की वाकस आधी कपाळाला, मग लाकडाला. मी शेजारी भुशात बसलेला. त्यांनी कधी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर विसरता आलं असतं.
कुसुम "या वयात कशाला" असं म्हणाली नाही. फक्त फेरपरीक्षेची तारीख विचारली आणि फोन ठेवला. आयुष्यभर मी दात गेल्यानंतरचं काम केलं. एकदा तरी दात राहावा म्हणून हात लावायचाय. हे तिला फॉर्म भरताना सांगितलं होतं. आज परत नाही सांगितलं.

मंगळवार, १४ नोव्हेंबर
सरावाला जोडीला अंजली. वय वीस, जन्म नॉटिंगहॅमचा, आईवडील नागपूरचे. सबंध वर्गात मराठी बोलणारी तेवढीच.
"काका, तुम्ही परत केला!"
"केव्हा?"
"आत्ता! ओ माय गॉड, यू डोन्ट ईव्हन नो. माझी आजी पण करते, कारमध्ये बसली की डॅशबोर्डला."
चावा तपासायचा निळा कागद असतो, तो तिने माझ्या ग्लोव्हच्या बोटांवर चोळला. "आता एव्हिडन्स राहणार, काका." तिला लवकर जायचं होतं, गेली.
मी काम संपवलं. सामान आवरलं, बस पकडली, कोपऱ्यावरून दूध घेतलं. खोलीत आरशात पाहिलं तर दोन भुवयांच्या मध्ये निळा ठिपका. चांगला रुपयाएवढा.
बसमध्ये शेजारी एक बाई बसल्या होत्या. दुकानातली मुलगी "थँक यू, लव्ह" म्हणाली. कोणी काही बोललं नाही.
गावात असतो तर पाराशी पोचेपर्यंत दहा जणांनी अडवलं असतं.
पुसायला बराच वेळ गेला. घाईही नव्हती.

सोमवार, २० नोव्हेंबर
एकदाही हात वर गेला नाही. अंजलीने टाळ्या वाजवल्या.
पण हात थरथरतो. ड्रिल निसटलं, शेजारच्या चांगल्या दाताला ओरखडा. प्लॅस्टिकचा दात, स्क्रू काढून दुसरा बसवला. पोराचा असता तर...

या ओरखड्यावरही नापासच करतात. म्हणजे हात लावला तरी गेलो, न लावला तरी गेलो.
अण्णा वाकसाला काय म्हणत असतील? कोणाला लागू देऊ नकोस, एवढंच बहुतेक.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर
मिसेस हार्परनी थांबवून घेतलं. ओरखडे बघितले होते त्यांनी. मला इंग्रजीत देवाचं बोलता येत नाही. वडील सुतार होते, हत्याराला नमस्कार करायचे, एवढं सांगितलं. हसल्या नाहीत.
"धुण्याआधी काय वाट्टेल त्याला नमस्कार करा. धुतल्यानंतर कपाळ तुमचं नाही."
बेसिनपाशी उघडे हात जोडले. मग साबण, मग ग्लोव्हज. पहिला दात बरा गेला. दुसऱ्याला हात पुन्हा हलला, पण थोडा कमी.

सोमवार, ४ डिसेंबर
दत्तजयंती. उपास. कँटीनमध्ये केळं आणि दूध घेऊन कोपऱ्यात बसलो. चार दिवसांत ओरखडा नाही. हात वर जातो का ते मात्र मला कळत नाही, अंजली सांगेल तेच खरं. ती म्हणते, "मोस्टली ओके, काका." मोस्टली.
संध्याकाळी कुसुमचा फोन.
"नाही झालं तर घरी या. लॅबवाले विचारत होते."
"झालं तर?"
"झालं तर अजून वर्षभर पिठलं."
दोघेही हसलो. फोन ठेवताना वाटलं, तिला मी नापास व्हायला हवाय. लगेच त्या विचाराची लाज वाटली.

गुरुवार, ७ डिसेंबर
झाली परीक्षा.
बेसिनपाशी हात जोडले, जरा जास्तच वेळ. मागचा मुलगा खोकला.
हात थरथरला नाही. वीस मिनिटं पुतळा, दात आणि मी. मधे एकदा ड्रिलचं टोक बदललं, तेवढं लख्ख आठवतं. बदलल्यावर काय केलं ते आठवत नाही. नेमकं तेव्हा मिसेस हार्परनी कागदावर काहीतरी लिहिलं.
अंजली दुसऱ्या खोलीत होती. विचारायला कोणी नाही. निकाल सोमवारी.
खोलीवर आल्या आल्या आरशापाशी गेलो. कपाळ स्वच्छ.
पण आज बोटांना निळा रंग नव्हताच.