पांघरुणातले बटाटे

रेमिखिओ जावईबापू,

लामा चारायला जातेय. पेज चुलीवर आहे.

काल रात्री माझ्या परसातल्या बटाट्यांवर ठेवणीतल्या घोंगड्या तुम्हीच घातल्यात ना? तुमच्या खालच्या उष्ण मुलखात बटाट्यांचे असे लाड होत असतील! अहो, ते गोठावेत म्हणूनच उघड्यावर पसरलेत. गोठले की तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचं. तो चुन्यो मग वर्षानुवर्षं टिकतो. थंडी ओसरत आलीय, आजची रात्र हुकली तर पुढं खायचं काय? तेव्हा घोंगड्या काढा.

शेजारीण पोट धरून हसली. मीही हसले, तुमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

उद्या उजाडताच बूट काढून परसात या. आमचे बटाटे मी परक्यांना तुडवू देत नाही.

तुमची सासू,
सातुर्निना