दुपारच्या बसची निवडणूक

अण्णा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे ते पहिल्यांदाच. होस्टेलवरून लिहायची ती पत्रं आईच्या नावाने असायची, शेवटच्या ओळीत "अण्णांना नमस्कार" एवढंच. तेव्हा आपलं बोलणं बेताचंच होतं, आणि का होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आज रविवार आहे, सकाळचे दहा वाजलेत, नवरा लेकीला घेऊन पोहायला गेलाय आणि मला तुम्हाला एका बाईंविषयी सांगायचं आहे. आमच्या घरमालकीण बाईंविषयी. तुमची त्यांच्याशी गट्टी जमली असती.

ड्रेस्डेनहून पूर्वेला रेल्वेने पाऊण तास आणि पुढे वीस मिनिटं बसने आलं की आमचं गाव लागतं. वेशीवरच्या पाटीवर गावाचं नाव दोनदा आहे, वर जर्मन आणि खाली सोर्ब भाषेत. सोर्ब म्हणजे इथला एक लहानसा समाज. कित्येक शतकांपासून याच भागात राहतात, त्यांची भाषा पोलिश आणि चेक भाषांच्या नात्यातली, आणि ती बोलणारे आता फार उरलेले नाहीत. बाई त्यांच्यातल्या. आयुष्यभर मोपेडवरून गावोगाव फिरून इंजेक्शनं देणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या नर्स होत्या. नवरा वारला, मुलगा नोकरीसाठी म्युनिकला गेला आणि वरचा मजला रिकामा झाला, तो आम्ही घेतला. मी ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या कारखान्यात, दुपारच्या पाळीला. नवरा येनाला भिंगांच्या कारखान्यात, शुक्रवारी येणार, रविवारी संध्याकाळी जाणार. आम्हाला शहरात घर मिळालं असतं, पण लेक तीन वर्षांची होती आणि बालवाडीतून आणल्यावर तिला सांभाळायला बाई आपणहून तयार झाल्या. लेक त्यांना "वोव्का" म्हणायला लागली. त्यांच्या भाषेत वोव्का म्हणजे आजी.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोल लावला. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. सालासकट उकडलेले बटाटे, शेजारी चक्क्यासारखं क्वार्क आणि त्यावर जवसाचं तेल. जवस इतक्या लांब भेटेल असं मला वाटलं नव्हतं. आई जवसाची चटणी कुटायची तो वास नाकात आला आणि मी लेकीला म्हणाले, खाऊन बघ. म्हणाले जर्मनमध्ये. बाईंनी काटा खाली ठेवला आणि विचारलं, तू हिच्याशी तुझ्या भाषेत का बोलत नाहीस? मी नेहमीचं उत्तर दिलं. ती उत्तरं जर्मनमध्येच देते, दोन-दोन, तीन-तीन भाषांनी गोंधळून जाईल, शाळेत मागे पडेल.

"मीही मुलाच्या बाबतीत असंच केलं," बाई म्हणाल्या. "त्याला शाळेत कुणी हसू नये म्हणून. आता तो दर रविवारी फोन करतो आणि आम्ही हवेबद्दल बोलतो. बाकीचं त्याला माझ्या भाषेत येत नाही, आणि मला त्याच्या भाषेत सांगावंसं वाटत नाही."

मी बटाटा सोलत बसले. त्या दिवसापासून लेकीशी मराठीत बोलायला लागले, तेही अडखळत. पोरगी उत्तरं अजून जर्मनमध्येच देते, पण परवा पाय आपटून "नको म्हणजे नको" म्हणाली, अगदी आईसारखं.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात बातमी आली की दुपारी बारा वीसची बस बंद होणार. सकाळी एक आणि संध्याकाळी एक राहील, मधली जाईल. दोन भाषांच्या बालवाडीचंही तसंच, मुलं कमी पडली तर तिथला सोर्ब गट मोडणार. बस गेली तर माझी पाळी गेली. मी नवऱ्याला फोनवर सांगितलं की उन्हाळ्यापर्यंत ड्रेस्डेनला घर बघू. लेकीला तिथल्या बालवाडीत घालायचं म्हणजे इथल्या गटातलं एक मूल कमी होणार, हे मला कळत होतं. बाईंनाही कळत होतं, पण त्या त्याबद्दल अक्षर बोलल्या नाहीत.

जूनमध्ये गावाच्या कारभाराची निवडणूक होती. गेमाइंडराट म्हणतात, आपली ग्रामपंचायतच समजा. सोर्ब लोकांची स्वतःची छोटी यादी असते, तिच्यावर बाईंचं नाव आलं. पत्रकात काय लिहायचं ते ठरवायला यादीची माणसं आमच्या खालच्या स्वयंपाकघरात जमली. मी लेकीला न्यायला खाली गेले आणि दारातच थबकले. चर्चच्या गायकवृंदाचे म्हातारे प्रमुख तावातावाने बोलत होते. त्यांचं म्हणणं, आपली यादी भाषेसाठी आहे, पत्रकात भाषा, गाणी, पाट्या हेच हवं, आणि तुम्ही पहिल्याच ओळीत बस घातलीत. बस तर जर्मन लोकांचीही आहे. बाई कॉफी ओतत होत्या. त्या वळल्याही नाहीत.

"ज्या गावात बस येत नाही, त्या गावात तरुण माणूस राहत नाही," त्या म्हणाल्या. "मग आपली भाषा बोलायची कुणाशी? तुमच्याशी आणि माझ्याशी?"

अण्णा, मी जिन्यावरच बसले. मी अकरा वर्षांची आहे, आपल्या घरी चहाची आधणं चढताहेत, आणि पक्षाची चार माणसं तुम्हाला घेरून बसली आहेत. तुम्ही नगरपालिकेला उभे आहात. आपलं सीमेवरचं गाव, भिंतीभिंतीवर एकच मागणी, हा भाग महाराष्ट्रात गेला पाहिजे. तुम्हालाही तेच हवं होतं, त्यासाठी तुम्ही दोनदा तुरुंगातही जाऊन आलात. पण प्रचारात तुम्ही बोलत होतात ते मासळी बाजारामागच्या गटाराबद्दल. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे आदल्या दिवशी तुम्ही कानडी लोकांच्या गल्लीत जाऊन कानडीतून मतं मागून आला होतात. पक्षाची ती माणसं चहा न घेता उठली. नंतर पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून मी तुम्हाला विचारलं, अण्णा, ते लोक आपल्याला मत देणार नाहीत, मग तिकडे कशाला गेलात? तुम्ही चप्पल घालत होतात. म्हणालात, "गटार त्यांच्या दारावरनंही जातंय की."

तुम्ही हरलात, तिसरे आलात. आपल्या लोकांनी तुमच्याशी बोलणं टाकलं आणि त्या गल्लीतून चार-दोन मतं मिळाली असतील-नसतील. दोन वर्षांनी निवडून आलेल्याने ते गटार बांधलं, तेव्हा तुम्ही मला तिथे नेऊन दाखवलंत, जणू आपणच बांधलं. मला लाज वाटली. आणि शिकायला पुण्याला निघायच्या आधी मी, तुम्ही कंपाउंडर होतात त्या दवाखान्यात येऊन तुम्हाला काय म्हणाले तेही मला आठवतं. डॉक्टर आत होते, तुम्ही बाहेर औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या खुणेच्या पट्ट्या चिकटवत होतात. मी म्हणाले, गटारापायी तुम्ही ना आपल्यांचे राहिलात ना त्यांचे. तुम्ही पट्टी नीट बसवलीत, अंगठ्याने दाबलीत आणि म्हणालात, गाडी किती वाजताची आहे? दीड वर्षात तुम्ही गेलात. त्या वाक्यानंतर आपल्यात दुसरं काही मोठं बोलणं झालंच नाही.

त्या दिवशी जिन्यावरून उठले ती सरळ आत गेले आणि बाईंना म्हणाले, मी काही करू शकते का? त्यांनी मला ओट्याशी बसवलं आणि म्हणाल्या, तू रोज त्या बसने जातेस ना, मग त्यात कोण बसतं ते सांग. वाहतूक कचेरीचं म्हणणं होतं की दुपारच्या बसला माणसंच नसतात, त्यांनी मोजदाद केली आहे. मोजदाद हा माझ्या कामाचा भाग. कारखान्यात मी दिवसभर तेच करते. मी तीन आठवडे रोज ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर वही घेऊन बसले. कोण कुठे चढलं, कुठे उतरलं, आणि विचारायला जीभ वळली तर कशासाठी चाललंय. डायलिसिसला जाणारे दोघं. बेकरीतून घरी जाणारी बाई. अर्धा दिवस शाळा असलेली मुलं. दर बुधवारी बायकोच्या थडग्यावर फुलं ठेवायला जाणारे एक आजोबा, ते सोर्ब मुळीच नव्हते. आल्झो, म्हणजे थोडक्यात, बस रिकामी नव्हती. मग मी कचेरीला पत्र लिहून विचारलं, मोजदाद कधी केलीत? उत्तर आलं, आणि त्यातल्या तारखा मी बाईंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. शाळेच्या सुट्टीचा आठवडा होता.

बाईंनी मला अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या गावसभेत ते सांगायला उभं केलं. बाहेर बंब उभे करून आत खुर्च्या मांडल्या होत्या. माझं जर्मन कामाच्या ठिकाणी बरं चालतं, पण तिथे सगळी लिंगं चुकायला लागली, बस पुल्लिंगी की नपुंसकलिंगी ते आठवेना. तरी मी वही वाचून दाखवली. मागच्या रांगेतला एक माणूस, वाईट नव्हे, आमच्याच गल्लीतला, तो उठून म्हणाला की हे सगळं ठीक आहे, पण तुम्हाला इथे मत नाही. तुम्ही कशाला बोलता? मला वाटलं बाई काहीतरी म्हणतील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"मला मत नाही," मी म्हणाले. "पण त्या बसमध्ये मी असते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते बुधवारचे आजोबा मात्र "गेनाऊ" म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर, आणि मग बेकरीतली बाई उठली, तिच्या मागून शाळेतल्या मुलांच्या आया. त्यांतल्या निम्म्याअधिक जर्मन होत्या. पुढचा महिनाभर बाई संध्याकाळी दारोदार हिंडल्या. त्यांचा गुडघा दुखायचा म्हणून शनिवारी मी सोबत जायची. त्या सोर्ब घरात सोर्बमध्ये बोलायच्या, जर्मन घरात जर्मनमध्ये, आणि जाताना दोन्हीकडे तेच पत्रक द्यायच्या. मी मागे उभी राहून मनात म्हणायची, अण्णा, बघा.

इथे एकेका मतदाराला तीन मतं असतात. तिन्ही एकाला द्या नाहीतर तिघांत वाटा. हे कळल्यावर तुम्ही किती खूश झाला असता. मतदानाच्या रविवारी बाई काळ्या पोशाखात चर्चला गेल्या, तिथून शाळेत मत द्यायला, आणि मी लेकीचा हात धरून शाळेच्या फाटकाबाहेर उभी होते. आत जायला मनाई नव्हती, पण पाय उचलला नाही. निकाल दुसऱ्या दिवशी कळला. यादीला दोन जागा मिळाल्या, दुसरी बाईंची, अगदी थोडक्यात. गायकवृंदाचे प्रमुख केक घेऊन आले. त्यांची चूक झाली असं ते काही म्हणाले नाहीत, पण केक मोठा होता.

सगळंच मिळालं नाही. बारा वीसला आता मोठी बस येत नाही, नऊ माणसांची लहान गाडी येते आणि तासभर आधी फोन करून ती मागवावी लागते. पण ती येते. बालवाडीतला गट राहिला, त्यात आमची लेक होती, आणि गेल्या वर्षी त्यात अजून चार नवी मुलं आली. त्यातली दोन म्युनिककडून परत आलेल्या एका जोडप्याची. बाईंचा मुलगा नव्हे, पण बाई म्हणतात, एक आलं तर दुसरं येईल. त्याने ख्रिसमसला फोनवर त्यांना त्यांच्या भाषेत एक पूर्ण वाक्य बोलून दाखवलं. चुका होत्या म्हणाल्या, पण हवेबद्दल नव्हतं.

आम्ही ड्रेस्डेनला गेलो नाही. लेक आता शाळेत जाते, तिथे सोर्ब शिकते, घरी माझं मराठी ऐकते आणि मैत्रिणींशी जर्मन बोलते. तिला यात काही विशेष वाटत नाही. तुम्ही गटार दाखवायला नेलंत तेव्हा मी काय बघायला हवं होतं, ते मला आत्ता दिसतं. त्या दिवशी कानडी गल्लीतली एक म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली होती, आणि तिने तुम्हाला हाक मारून ताक दिलं. तुम्ही ते उभ्याने प्यायलात आणि तिच्याशी कानडीत बराच वेळ बोललात. मी लांब उभी राहून घाई करत होते.

पुढल्या उन्हाळ्यात परत निवडणूक आहे. बाई सहासष्टच्या झाल्या, तरी उभ्या राहणार आहेत. या वेळी मला फाटकाबाहेर थांबायचं नाही. पण इथलं मत हवं तर इथलं नागरिकत्व हवं, आणि त्यासाठी भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागतो. तुम्ही आयुष्यभर राज्य बदलायच्या मागे होतात, तुमची मुलगी देशच बदलायला निघाली आहे. आई फोनवर नुसतं "बघ बाई" म्हणाली. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. मग तुम्हालाच विचारावं म्हणून हे पत्र लिहायला बसले, आणि पाठवायला पत्ता नाही हे कळत असूनही इतकं लिहून झालं.

पण विचारते आहे असं म्हणणं खरं नाही, अण्णा. अर्ज मी गेल्या मंगळवारीच देऊन आले.