दिवाळसणाचा चेंजओव्हर

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि तुम्हाला मी कधी एक ओळ लिहिली नाही. होतात तेव्हा लिहायची गरजच पडली नाही. चिखल्याहून तलासरी ती कितीशी लांब, आठवण आली की एसटीत बसायचं आणि दुपारच्या जेवणाला क्वार्टरवर हजर. आता लिहितेय, कारण जे सांगायचंय ते ऐकणारं माणूस तुमच्याशिवाय दुसरं नाही. घरात सांगितलं तर घर हलेल. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही फार तर रागवाल, आणि तुमचा राग मला ओळखीचा आहे.

तलासरीच्या क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर आठवतं तुम्हाला? मी दहा वर्षांची. आई चुलीपाशी भाकऱ्या थापतेय, तुम्ही स्टुलावर चढून दिव्याची वायर जोडताय, आणि बाहेरच्या खोलीत माझा रेडिओ बंद. मेन खाली होता म्हणून बंद, हे मला कुठलं कळायला! मी गेले आणि खटकन मेन वर केला. आतून तुमची आरोळी आणि धप्पकन आवाज. स्टूल आडवं, डाळीचं पातेलं आडवं, आणि तुम्ही भिंतीला टेकून हात चोळताय. तुम्ही विचारलंत, कुणी केलं? मी दाराआडून म्हटलं, मी नाही. तेव्हा एकच थप्पड मारलीत, आयुष्यातली एकमेव. नंतर मला मांडीवर घेऊन म्हणालात, "मेन वर केलास ते चुकून गं. पण 'मी नाही' म्हणालीस ते मुद्दाम. ही थप्पड त्याची. असं काही झालं की आधी ओरडायचं, मी केलं, मी केलं. मग काय रडायचं ते रड." आई म्हणाली, एवढ्याशा पोरीला काय कळतंय. तुम्ही म्हणालात, हिलाच कळतंय.

आणि कळत होतंच की. फ्यूजची तार कशी पिळायची, टेस्टर कसा धरायचा, सगळं मला तुम्ही शिकवलंत. उधव्याकडच्या पाड्यांवर जाताना सुट्टीच्या दिवशी मला मोटरसायकलवर पुढे बसवायचात. डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतून चिनी मातीच्या त्या तीन पांढऱ्या ग्रिप काढायच्या, म्हणजे तिथून पुढची लाईन मेली. पण तुम्ही त्या तिथेच ठेवत नसायचात. खांद्यावरच्या पिशवीत टाकायचात आणि पिशवीसकट खांबावर चढायचात. एकदा एक माणूस तुमच्यावर तणतणला, अहो, पिठाची गिरणी अडलीय माझी, ग्रिप खाली ठेवा, तुमचं काम होईपर्यंत मी एवढं दळून घेतो. तुम्ही वरून ओरडलात, "माझ्या पिशवीत ग्रिप आहेत तोवर कुणाचा बाप लाईट चालू करणार नाही!" मी खाली उभी राहून हसत होते. काय रुबाब वाटायचा तुमचा.

मग माझं लग्न झालं, चिखल्याच्या वाडीवाल्यांकडे. चिकूची वाडी, घरची विहीर, भाताची जमीन. आपण क्वार्टरमधली माणसं, तेव्हा आधीच मी जरा दबून. पहिल्या दिवाळसणाला हे आले तलासरीला. जावयाला अंगठी देतात, घड्याळ देतात, निदान सफारीचं कापड तरी देतात. तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोखंडी पेटी ह्यांच्या हातात ठेवलीत. चेंजओव्हर! हँडलवाला, चांगला दणकट. तुम्ही ह्यांना समजावत होतात, "तुमच्याकडे वाडीत इंजिन, लग्नात जनरेटर, सगळं दोन्हीकडे पिना लावलेल्या वायरीवर चालतं, मी पाहिलंय. हा लावून घ्या. हँडल वर, बोर्डाची लाईट. हँडल खाली, आपली. मध्ये, कुणाचीच नाही. दोन्ही एका वेळी घरात येऊच शकत नाहीत." हे बिचारे हो हो करत होते. परत आल्यावर नणंदेनं पेटी उघडली आणि अख्ख्या घराला बोलावून दाखवली. "वहिनी, सोन्याच्या दुकानात गर्दी होती का गं?" सगळे हसले. मीही हसले, बाबा. त्यांच्यापेक्षा जोरात हसले, म्हणजे कुणाला वाटू नये की मला लागलंय.

पुढे तुम्ही आलात की भिंतीकडे बघायचात. लावला का? मी म्हणायची, लावू की, रंगकाम झालं की लावू. तुम्ही गेलात तोवर तीन रंगकामं झाली होती. चेंजओव्हर मागच्या पडवीत, चिकूच्या क्रेटवर अंथरलेल्या ताडपत्रीवर वजन म्हणून. वजनाला मात्र उत्तम होता.

आता ते वादळ, तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी आलेलं. तुम्ही असली वादळं पाहिलीत, पण हे चिकूच्या ऐन तोडीच्या दिवसांत आलं आणि दिवसभर घोंघावत राहिलं. सासऱ्यांच्या हातची झाडं मुळासकट आडवी. रस्त्यावर खांब कोलमडलेले, तारा चिंचेत, तारा विहिरीत, तारा लोकांच्या कौलांवर. मग लाईट गेली ती गेलीच. पहिल्या दिवशी मेणबत्त्यांची मजा वाटली. तिसऱ्या दिवशी फ्रीजमधली मासळी उकिरड्यावर. मोबाईल चार्ज करायला लोक वाणगावला जायचे, कुणी हायवेवरच्या हॉटेलात तासभर चहा पीत बसायचे. विहिरीला रहाट कधीच राहिला नव्हता, मोटर आल्यापासून दोरीसुद्धा कुणाकडे धड नाही. आम्ही बायका साडीच्या काठांची दोरी वळून कळशीनं पाणी ओढत होतो आणि चौथ्या दिवशी सगळ्यांच्या तळहातांना फोड. सासूबाई पंच्याऐंशीच्या, त्यांना घामोळ्यांनी बेजार केलेलं, त्या तेवढंच विचारायच्या, पंखा कधी गं? मी वायरमनला, सरकारला, तुमच्या अख्ख्या खात्याला शिव्या घालत होते. तुमच्या मुलीनं, हो.

पाचव्या दिवशी मंडपवाल्याचा जनरेटर आळीत आला. पाच घरांत मिळून, दोन-दोन तास प्रत्येकाला. बाकीच्या चार घरांनी काय केलं, तर वायर ओढून थेट विहिरीच्या मोटरला जोडली. अडाणी माणसं, म्हणून बरोबर केलं. मी शहाणी! मी म्हटलं, नुसती मोटर कशाला, पंखा, फ्रीज, मोबाईल, सगळं एकदम चालवते, लाइनमनची मुलगी आहे मी. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर स्वतः बनवली आणि एक टोक जनरेटरला, दुसरं पडवीतल्या प्लगला. आधी मेन पाडायचा, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही. माहीत होतं. मेनचा खटका गंजून घट्ट झालेला, दोनदा ओढला, खाली येईना. आतून सासूबाईंचा धोशा, पंखा, पंखा. मी म्हटलं, मरू दे, पाच दिवस लाईनच मेलीय, मेन वर असला काय आणि खाली असला काय. कुंपणाला एक मोटरसायकल टेकवलेली होती, सीटवर दोराचं वेटोळं, खांबावर चढणाऱ्यांकडे असतं तसं. तीही दिसली होती मला. मी दोरी ओढून जनरेटर चालू केला.

जनरेटरचा आवाज दबला. मला वाटलं, मोटरचा लोड. आणि मग शेजारच्या घरातून पोरांनी एकदम जल्लोष केला, "आली! आली! लाईट आली!"

बाबा, त्यांच्या घरात लाईट कशी येईल? त्यांच्या घरात माझीच लाईट गेली होती, माझ्या मेनमधून उलटी, खांबावर. मी पिन उपटली आणि रस्त्याकडे धावले. कोपऱ्यावरच्या खांबाखाली आमचं पडलेलं चिकूचं झाड होतं, त्याच्या फांद्यांत वरून कोसळलेला लाइनमन पडला होता. त्या फांद्यांनीच वाचवला त्याला. चाळिशीचा माणूस, तलासरीकडच्या डोंगरातल्या गावचा. डोळे उघडे, बोलणं नाही, उजवा हात काळानिळा. त्याचा सोबती वायर आणायला गेला होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. त्याची खांद्यावरची पिशवी पाठीखाली रुतत होती, ती ओढून काढली. जड लागली म्हणून आत हात घातला. तीन ग्रिप होत्या, बाबा. पिशवीत घालून वर चढला होता.

तेव्हा ओरडायचं होतं. मी केलं, मी केलं. तोंडही उघडलं होतं मी. पण तोवर आळी जमली, आणि शेजारची म्हणाली, "वरून मध्येच लाईट सोडली मेल्यांनी, माझ्या डोळ्यांनी पाहिली मी ट्यूब लागलेली." मग सगळेच तसं बोलायला लागले. टेम्पो आला, त्याला डहाणूला नेलं, पिशवी त्याच्या उशाला गेली आणि पुढे कुठे हरवली कोण जाणे. मी तोंड मिटलं ते मिटलंच.

दोन दिवसांनी चौकशीला साहेब आले. त्या दिवशी खरंच वरून लाईन टेस्टिंगला चालू केली होती म्हणे, त्यामुळे त्यांचा कल ठरलेलाच होता, की ह्यानं ग्रिप न काढता काम केलं. ग्रिप कुणी शोधल्याच नाहीत, त्या दिवसांत निम्म्या डीप्यांत नुसती तार बांधून चालवत होते. तरी त्यांनी विचारलं, त्या वेळी जनरेटर कुणाकडे होता? आमची पाळी होती. मी म्हटलं, आमच्याकडे, पण आमच्याकडे चेंजओव्हर आहे. पडवीत नेऊन दाखवला. आणि वर म्हटलं, माझे वडील तलासरीला लाइनमन होते, त्यांनी दिलाय. साहेबांबरोबर एक पिकल्या केसांचा माणूस होता, त्यानं तुमचं नाव विचारलं. मी सांगितलं. तो साहेबांना म्हणाला, "त्यांची मुलगी आहे, साहेब. मग प्रश्नच नाही." साहेबांनी वही मिटली. मी त्यांना चहा केला, काळा, दूध नव्हतं.

त्या माणसाची उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. खांबावर चढायचं काम गेलं. आणि मी काय, मी इतकी वर्षं तलासरीचं नाव काढलं की अंग चोरून बसायची. गेल्या महिन्यात तिकडेच एका लग्नाला जायचं झालं आणि स्टँडवर तोच समोर! त्यानंच ओळखलं मला. "ताई, तुम्ही चिखल्याच्या ना? मला पाणी पाजलंत तुम्ही. घरी तुमचं नाव काढतो आम्ही." काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, कसं झालं होतं हो नक्की? त्यानं त्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. "काय माहीत, ताई. पंधरा वर्षं काम केलं, ग्रिप काढल्याशिवाय शिडी लावली नाही कधी. मला वाटायचं, त्या दिवशीपण काढल्या होत्या. पण त्या दिवसाचं काही आठवत नाही. सगळे म्हणतात नाही काढल्या, तर नसतील काढल्या. पोरगा विचारतो, बाबा, तुम्ही कसे विसरलात? काय सांगू त्याला?"

मी त्याला सांगू शकत होते. चार शब्दांचं काम होतं, तुमच्या पिशवीत होत्या ग्रिप. पण मग तो विचारणार, तर लाईट आली कुठून? माझी एसटी लागली होती. मी म्हटलं, जपा हो, आणि चढले. खिडकीतून त्यानं डाव्या हातानं नमस्कार केला मला.

हा कागद तुमच्याकडे पोचणार नाही, आणि ज्याच्याकडे पोचायला हवा त्याचा पाडा स्टँडपासून रिक्षानं अर्ध्या तासावर आहे, तेही मी विचारून ठेवलंय. विचारून ठेवण्यापलीकडे काही केलेलं नाही. तुम्हाला वाटत असेल, घाबरली बिचारी, तोंडातून शब्द फुटला नाही. बाबा, तसंही नाही. टेम्पो गेल्यावर त्याच दुपारी मी ताडपत्रीवरून चेंजओव्हर उचलला, गंज घासला, तुमच्या पकडीनं वायरी सोलल्या आणि भिंतीवर बसवला. साहेब आले तेव्हा स्क्रूही नवे होते, मी त्यांना चुना लावून जुने केले होते. हे म्हणाले, बरं झालं, एकदाचा लागला. एकही वायर सैल नाही, हँडल आजही लोण्यासारखं फिरतं. तुम्ही शिकवलेल्यातलं तेवढं एक काम मी अगदी तुमच्यासारखं चोख केलं.